उपचार की फुकटची मजुरी?

अमेरिकेत साल्व्हेशन आर्मीची, म्हणजे मुक्तिफौजेची, प्रामुख्याने पुरुषांसाठी निवासी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. साधारण सहा महिने तिथे राहायचे, प्रार्थना करायची आणि दानात आलेले कपडे, फर्निचर निवडायचे. त्या विक्रीवर केंद्र चालते. याला म्हणे ‘श्रमोपचार’! राबणाऱ्याच्या हाती पडतो किरकोळ भत्ता. रस्त्यावरच्या माणसाला छप्पर मिळते, हे आम्ही नाकारत नाही. पण घामाचे दाम कुठे आहे? अलामो फाउंडेशन ही ख्रिस्ती संस्थाही पूर्वीच्या व्यसनींना अन्न, वस्त्र, निवाऱ्यावर आपल्या धंद्यांत राबवत होती. ‘आम्हाला पगार नको’, असे त्यांनीच कोर्टात सांगितले. तरीही १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या धंद्यांना किमान वेतनाचा कायदा लागू केला. मुक्तिफौजेलाही हाच न्याय हवा. दारू सुटावीच, हक्क सुटता कामा नये!