चिरलेला पेरू

परवा टोपलीतले तीन पेरू मी कचऱ्यात टाकले. आठवड्यापूर्वी मीच ते मंडईतून पारखून आणले होते. पैसे होते, भूक होती, आवडही होती. तरी ते सडले. चौतीस वर्षे बँकेत ताळेबंद जुळवले, पण हा हिशेब काही जुळेना. मग उमगले. पत्नी होती तेव्हा पेरू चिरून, तिखटमीठ लावून समोर येई. ती जाऊन दोन वर्षे झाली. फळ तेच आहे. बशी ठेवणारा हात नाही.

रोज निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात आणि त्यात बटाटा धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आकडा पाठ असून जीभ वळत नाही. ती वळते संगतीने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एखादी भाजी नावडणारे मूल त्यांनी ती आवडीने खाणाऱ्या मुलांबरोबर जेवायला बसवले. काही दिवसांतच त्या मुलाची निवड बदलू लागली.

माझेही तसेच झाले होते. तिशीपर्यंत मी कारल्याला शिवलो नव्हतो. बँकेत दुपारी सहा डबे एकत्र उघडत. एका सहकाऱ्याच्या डब्यात दर मंगळवारी कारले असे. पहिल्यांदा भिडेखातर खाल्ले. दोन महिन्यांनी मंगळवारची वाट पाहू लागलो.

आपल्या आज्यांना हे प्रयोगाविना ठाऊक असावे. भोगीची लेकुरवाळी भाजी, ऋषिपंचमीची बैलाच्या कष्टाविना पिकलेल्या भाज्यांची भाजी! एरवी नाक मुरडणारी आम्ही मुले त्या दिवशी मुकाट जेवत असू, कारण सारे घर तेच जेवत असे.

आता पंगत उरली नाही. परगावचा मुलगा रोज रात्री फोनवर विचारतो, "बाबा, फळं खाता ना?" मी "हो" म्हणतो. ते खोटे मनाला खुपत असे.

पेरू टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी नवे आणले, चिरले आणि डब्यात भरून सकाळी बागेत नेले. तिथे बाकावर आम्ही चार निवृत्त बसतो. त्यांतले दोघे माझ्यासारखेच एकटे. डबा पाच मिनिटांत रिकामा झाला. "उद्या पपई माझी," एकजण म्हणाला.

त्या रात्री मुलाला "हो" म्हणालो, ते बऱ्याच दिवसांनी खरे होते.