सोलकढी खरेच पाचक असते का?

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरला देवदर्शनासाठी आणि समुद्र पाहण्यासाठी पुष्कळ प्रवासी येतात. तेथील घरगुती खानावळीत जेवताना ते सोलकढी आवर्जून मागतात. ‘ती पाचक असते, बाधत नाही,’ असे म्हणतात. परगावी आपण असेच जेवण का निवडतो? आणि या समजुतीत तथ्य किती?

परक्या ठिकाणी अन्न कसे शिजवले, हे प्रवाशाला दिसत नाही. म्हणून तो खुणा शोधतो. ‘पारंपरिक’ ही अशीच एक खूण. पिढ्यान्‌पिढ्या लोक जे खात आले, ते आपल्यालाही मानवेल, असे त्याला वाटते. चीनमध्येही परंपरेने अन्नाचे उष्ण व थंड असे गुण मानतात, आणि औषधी वनस्पती घातलेले जेवण देणारी उपाहारगृहे तेथे आहेत. आपल्याकडे कोकम थंड मानतात. हे थंडपण तापमापकाने मोजता येत नाही.

विज्ञान एकेक गुण वेगळा काढून तपासते. आमसूल म्हणजे कोकमाची वाळवलेली साल. तिच्यात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. आंबट चवीने लाळ सुटते व जेवण रुचकर लागते. उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ जाते. ते सोलकढीतून थोडेफार भरून निघते. एवढे पक्के. पण तिच्यामुळे जड जेवण लवकर पचते का? ते कसे ठरवायचे?

एक प्रयोग करून पाहा. दोन पेल्यांत कोकमाचे सारखेच पाणी घ्या. एकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फेस येईल आणि लाल रंग पालटेल. कोकमातील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आम्लात लाल दिसतात. आम्लता घटली की त्यांचा रंग बदलतो. दुसरा पेला तसाच होता, म्हणूनच हा बदल सोड्यामुळे झाला, असे आपण म्हणू शकतो. पचनाचेही तसेच. सारखेच जेवण घेणाऱ्या अनेक माणसांचे दोन गट करून, एकालाच सोलकढी देऊन तुलना करावी लागेल.

आणखी एक गोष्ट. सोलकढी उकळत नाहीत. उकळली तर नारळाचे दूध फाटते. त्यामुळे पाणी दूषित असेल, तर त्यातील जंतू मरत नाहीत. कोकमाच्या आंबटपणावर त्यासाठी विसंबता येत नाही. म्हणून सोलकढी जरूर प्या. पण ‘पारंपरिक आहे ना?’ या प्रश्नाबरोबर ‘पाणी कोणते वापरले?’ हेही विचारा.