आकडे आणि आपबीती

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील गाव आहे. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे येथे मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानांवर पडतात. समजा, येथील एक आजी कचेरीत गेल्या. साहेबांनी विचारले, "तुमचा जन्म कधीचा?" आजी म्हणाल्या, "मोठा दुष्काळ पडला, त्या साली मी आठ वर्षांची होते." आजींचे म्हणणे खरे आहे. तो दुष्काळ १९७२ सालचा, हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांचे वय लगेच सांगेल. पण ज्याला ठाऊक नाही, त्याला आजी उत्तर टाळतात असे वाटेल.

असाच प्रसंग निर्वासितांवर येतो. युद्ध किंवा छळ यांमुळे देश सोडावा लागलेल्या माणसाला निर्वासित म्हणतात. तो दुसऱ्या देशात आश्रय, म्हणजे पनाह, मागतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. तेथे सुमारे पाच हजार लोकांना एकत्र आश्रय मिळाला. आज मात्र अनेक देशांत प्रत्येकाची वेगळी चौकशी होते. अर्ज नामंजूर झाला, तर त्याला परत संकटात जावे लागू शकते.

हे निकाल न्यायाने होतात का? अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी हजारो निकालांचे आकडे तपासले. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मायामी शहराच्या एकाच न्यायालयात कोलंबिया देशाचे अर्जदार येत. एका न्यायाधीशाने त्यांच्यापैकी शंभरात पाच जणांना आश्रय दिला होता, तर दुसऱ्याने अठ्ठ्याऐंशी जणांना! अर्ज कोणापुढे गेला, यावरही माणसाचे नशीब ठरत होते.

एकेक निकाल पाहून हा फरक कळला नसता. तो आकड्यांनी दाखवला. पण चूक नेमकी कोठे होते, हे जाणण्यासाठी निर्वासितांची आपबीती ऐकावी लागते. इराणमध्ये हिजरी शमसी वर्ष मार्च महिन्यात सुरू होते. तेथील माणसाने सांगितलेली तारीख बदलून लिहिताना दुभाषा चुकला, तर खरा माणूसही खोटा ठरू शकतो. ही अडचण त्या माणसालाच आधी कळते. म्हणून अर्जातील प्रश्न तयार करताना निर्वासितांनाही सोबत बसवावे. मात्र त्यांची नावे गुप्त ठेवावीत, कारण त्यांच्या जिवाला धोका असतो.

मुलांनो, मोजावे आणि ऐकावेही. दोन्ही केले, तरच न्याय होतो.