माणगंगेचा पूर आणि महाराणी ताराबाई

माणदेशातल्या मित्रांनो, डॉ. जयसिंगराव पवार यांनी लिहिलेलं महाराणी ताराबाईंचं चरित्र जरूर वाचा. त्या काळाच्या इतिहासात आपली माणगंगासुद्धा आहे!

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले. एप्रिलमध्ये सातारचा किल्ला औरंगजेबाकडे गेला. सगळं संपलं असं वाटावं, अशा वेळी राजारामांच्या पत्नी ताराबाईंनी लहानग्या मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. वय जेमतेम पंचवीस. तळबीडच्या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक.

त्याच वर्षी पावसाळा काढायला बादशहाची छावणी माणगंगेच्या काठी खवासपूरला पडली. (आज हे गाव सांगोला तालुक्यात आहे.) एरवी कोरडी दिसणारी आपली नदी, पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री असा लोंढा आला की तंबू, माणसं, जनावरं वाहून गेली. गोंधळात औरंगजेब पडला, गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडत राहिला. म्हसवड, आटपाडीवरून वाहत जाणारी हीच ती नदी!

पण मोगलांना खरं जेरीस आणलं ते ताराबाईंच्या नेतृत्वाने. बादशहा एकेक किल्ला घेत राहिला आणि मराठी फौजा थेट माळवा, गुजरातेत घुसल्या. १७०७ मध्ये तो दख्खनमध्येच मेला. ताराबाई मात्र पानिपतही पाहून, डिसेंबर १७६१ मध्ये साताऱ्यात वारल्या. माझ्या मते मराठ्यांच्या इतिहासात एवढी मोठी कारकीर्द असूनही इतकी कमी वाचली गेलेली दुसरी व्यक्ती नाही.

त्यांची समाधी संगम माहुलीला आहे. साताऱ्याला गेलात तर तिथे नक्की जाऊन या.