कोटाच्या भिंतींत मालाड

फोर्टमधली जुनी इमारत बघायची असेल, तर मान वर करण्याआधी तिच्या भिंतीपाशी जावं आणि दगड बघावा. कमानी, घुमट, मनोरे नंतर. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माझा डोळा आधी दगडावर जातो हे खरं. पण निवृत्त झाल्यावर आमच्या दिंडोशीच्या वसाहतीतल्या मंडळींना आणि त्यांच्या नातवंडांना घेऊन मी रविवारी सकाळी फोर्टात हिंडू लागले, तेव्हा दगडापासून सुरुवात केली की माणसं खरोखर थांबून बघतात, हे ध्यानात आलं. एरवी ती घाईने म्हणतात, "बाई, हे सगळं इंग्रजांचं, लंडनसारखं." आणि पुढे चालू लागतात.

हे सगळं इंग्रजांचं नाही, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची भिंत घ्या. तिच्यात दोन रंग आहेत. करडा दगड कुर्ल्याचा, म्हणजे बेसॉल्ट. फिकट पिवळसर दगड आमच्या मालाडचा, त्याला भूशास्त्रात ट्रॅकाइट म्हणतात. सह्याद्री ज्या लाव्हाने घडला तो काळा, जड. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र त्या उद्रेकांच्या शेवटच्या टप्प्यात, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, सिलिकाचं प्रमाण जास्त असलेला वेगळा लाव्हा आला. तो थंड होऊन उजळ रंगाचा खडक झाला. रंगाने उबदार आणि टिकायला दणकट असा हा दगड मालाडच्या खाणींतून निघे. जनरल पोस्ट ऑफिसच्या काळ्या बेसॉल्टमधली पिवळी घडाई मात्र कुर्ल्याच्या दगडाची. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड तर मालाडच्या मार्वे बाजूला असलेल्या खरोडीचा. राजाच्या स्वागताची कमान म्हणून जगभर ज्याचे फोटो गेले, तो दगड आमच्या स्टेशनच्या पलीकडून गेलेला आहे!

आता कोटाकडे येते. फोर्टला फोर्ट म्हणतात, पण तिथे किल्ला कुठे आहे, असं मुलं हमखास विचारतात. किल्ला म्हणजे एक इमारत नव्हती, तटबंदी घातलेलं अख्खं गाव होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात तट उभा राहिला. त्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. दक्षिणेकडे इंग्रज, उत्तरेकडे बझार गेटच्या अंगाला पारशी, गुजराती आणि इतर व्यापारी. आज बोरा बझारच्या गल्लीत शिरलात की त्या उत्तर भागाची दाटी अजून अंगाला जाणवते.

तटाभोवतीचा खंदक मात्र नंतरचा, आणि त्याचं कारण आपल्या इतिहासात आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई घेतली. साष्टी मराठ्यांच्या हाती आली. म्हणजे आमचं दिंडोशी, मालाड, गोरेगाव, सगळं. मराठे माहीमच्या खाडीपलीकडे येऊन ठेपले, तेव्हा मुंबई बेटावरच्या इंग्रजांची झोप उडाली. कोटातल्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली आणि तटाबाहेर खंदक खणला गेला. वसईच्या विजयाचा धडा आपण शाळेत शिकतो, पण त्याचा ओरखडा मुंबईच्या जमिनीवर असा उमटला, हे त्या धड्यात येत नाही. मी वर्गात शिकवत होते तेव्हा ही जागा मुलांना दाखवता आली असती तर किती बरं झालं असतं!

१७ फेब्रुवारी १८०३ ला कोटात भयंकर आग लागली. उत्तरेकडची दाट वस्ती मोठ्या प्रमाणात जळाली. तोफांच्या माऱ्यासाठी तटाबाहेरची जागा मोकळी ठेवायची पद्धत होतीच, आगीनंतर ती आणखी वाढवली आणि पुष्कळ लोक कोटाबाहेर मांडवी, काळबादेवीकडे गेले. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही त्या मोकळ्या पट्ट्याची उरलेली जागा आहे. तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना मी हे सांगते, ती ऐकतात आणि पुन्हा खेळायला लागतात.

मग १८६० चं दशक आलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. मराठ्यांचं राज्य जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे तटाची गरजही उरली नव्हती. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६२ नंतर, तट पाडायला घेतला. त्याच सुमारास युरोपातही हेच चाललं होतं. व्हिएन्नाच्या सम्राटाने १८५७ मध्ये शहराचे कोट पाडण्याचा हुकूम दिला आणि त्या जागी रिंगश्ट्रासे नावाचा रुंद गोल रस्ता केला, त्याचं उद्घाटन १८६५ मध्ये झालं. व्हिएन्नात त्या रस्त्यावर विद्यापीठ, संसद, नाट्यगृह आली. मुंबईत तटाच्या जागी आणि मैदानाच्या काठाने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय एका ओळीत उभं राहिलं. मुंबई त्या बाबतीत व्हिएन्नाच्या मागे नव्हती, बरोबरीने चालत होती.

या घडामोडीचा मराठीत साक्षीदार आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चं. शहर डोळ्यांदेखत बदलत असताना एका मराठी माणसाने त्याचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं. भारतीय भाषेत एखाद्या आधुनिक शहरावर इतक्या लवकर इतकं मोठं पुस्तक लिहिलं गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो. फोर्टला जाण्याआधी त्याची दहा पानं तरी वाचावीत.

दिंडोशीहून जाणं आता सोपं झालंय. मेट्रोने गुंदवली, तिथून घाटकोपरच्या मेट्रोने मरोळ नाका, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या भुयारी मार्गाने थेट हुतात्मा चौक. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मी हाच मार्ग धरते. एरवी मालाडहून चर्चगेट लोकल आहेच. १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, तेव्हा बोरिवली आणि अंधेरीच्या मधे पहाडी नावाचं स्थानक होतं. गोरेगावच्या सातबाऱ्यांवर ते नाव अजून आहे.

हुतात्मा चौकात बाहेर पडल्यावर कारंजं दिसतं, ते फ्लोरा फाउंटन. १८६४ चं. पोर्टलँडचा पांढरा दगड, थेट इंग्लंडहून आलेला. चर्च गेट होतं ती ही जागा. आणि याच जागी २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, १५ माणसं गेली. शेजारच्या स्मारकात शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. मी मुलांना आधी तिथे नेते, कारंज्याकडे नंतर. आमच्या वसाहतीतले एक आजोबा तिथे आले की चपला काढतात. आता आमच्यातले बाकीचेही काढतात.

तिथून पूर्वेकडे वीर नरिमन रस्त्याने सेंट थॉमस चर्च. १७१८ च्या नाताळात ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. मुंबईचे जुने मैलाचे दगड या चर्चपासून मोजलेले आहेत. शहरात असे काही दगड अजून शिल्लक आहेत, पदपथाच्या थरांखाली अर्धे गाडले गेलेले, रोमन आकडे कोरलेले. पुढे हॉर्निमन सर्कल. बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये देशाबाहेर काढलं, म्हणून स्वातंत्र्यानंतर या सर्कलचं एल्फिन्स्टन हे नाव काढून त्यांचं दिलं. गोलाकार इमारतींची ही रचना १८७२ मध्ये पुरी झाली. त्याआधी इथे मोकळं मैदान होतं, कापसाच्या गासड्यांचे ढीग पडलेले असत, आणि टाउन हॉलसमोर वडाखाली शेअर दलाल जमत.

टाउन हॉल म्हणजे एशियाटिक. १८३३ मध्ये खुला झाला. त्याच्या तीस पायऱ्या चढताना दम लागतो, पण थांबत थांबत चढावं. हे ग्रीक धाटणीचे प्रचंड खांब इंग्लंडहून जहाजाने आणले. तेव्हा मोठं काही बांधायचं तर दगडही साता समुद्रापलीकडून यायचा. पुढच्या पिढीने कुर्ला आणि मालाडकडे बघितलं. आत नालासोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळालेले अवशेष आहेत, नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे. दुर्गाबाई भागवतांनी कित्येक वर्षं इथे बसून अभ्यास केला. दिंडोशीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, इथे मला बसता येईल का?" येईल. सभासद व्हायचं आणि बसायचं.

उच्च न्यायालयासाठी वेगळा दिवस काढावा. कामकाज चालू असताना शिस्तीने आत जाता येतं. २२ जुलै १९०८ ला लोकमान्यांना इथे सहा वर्षांची शिक्षा झाली. न्यायमूर्ती दिनशा दावर, म्हणजे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्याच बाजूने उभे राहिलेले वकील. त्या न्यायदालनाबाहेर संगमरवरी पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी बसवलेली. शेजारी राजाबाई टॉवर, १८७८ चा. प्रेमचंद रायचंद या कापूस व्यापाऱ्याने आईच्या नावाने तो बांधायला पैसे दिले. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईला कधी आलाच नाही. पण मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे जे पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या अभियंत्याने. सीएसएमटीच्या बाबतीतही असंच. स्टीव्हन्सचं नाव सगळ्यांना माहीत, त्याच्याबरोबर दहा वर्षं राबलेले सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य कोणाच्या लक्षात नसतात. तिथली पानं, पक्षी, प्राणी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी कोरली. आणि ज्यांनी सुरुंग लावून दगड काढला, टाकी-हातोड्याने घडवला, त्या वडार आणि पाथरवट माणसांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

काळा घोड्यासमोरच्या वॉटसन हॉटेलच्या लोखंडी सांगाड्याजवळ आमची मुलं जास्त वेळ उभी राहतात. ७ जुलै १८९६ ला देशातला पहिला चित्रपट तिथे दाखवला गेला. ते खेळ बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. गोरेगावच्या चित्रनगरीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या पोरांना हे ठाऊक असायलाच हवं.

एक गोष्ट मनाला लागते. या इमारतींची डागडुजी करताना कुठे कुठे सिमेंट भरलेलं दिसतं, दगडाला तैलरंग फासलेला दिसतो. जुनी बांधणी चुन्याची. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडतं, आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात. फ्लोरा फाउंटनवरचे रंगाचे थर काढून ते २०१९ च्या सुरुवातीला पुन्हा खुलं झालं, तेव्हा जिवाला बरं वाटलं. मालाडच्या दगडाची अडचण आणखी मोठी. दुरुस्तीला तसाच दगड हवा, आणि जिथे खाणी होत्या तिथे आता इमारती आहेत, आमच्यासारख्या लोकांच्या.

म्हणून वसाहतीतल्या मुलांबरोबर मी मालाड, खरोडी, कुर्ला इथल्या जुन्या दगडखाणींचा नकाशा करायला घेतला आहे. कुठल्या वाडीच्या मागे खाण होती, कुठल्या तळ्याच्या जागी दगड निघत होता, कोणाचे आजोबा पाथरवट होते, हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. ज्या वाचकांच्या घरात अशी आठवण, एखादी टाकी, हजेरीचा कागद किंवा फोटो असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावं. पावसाळा संपला की आम्ही खरोडीपासून चालायला सुरुवात करणार आहोत.