श्वानपैदाशीतील छुपा रोग : ब्रुसेला कॅनिस

गाभण कुत्रीचा ऐन शेवटच्या टप्प्यात गर्भपात व्हावा, एरवी ती धडधाकट दिसावी आणि पुढच्या वेळी तिला गर्भच राहू नये, असा अनुभव आल्यास श्वानपैदासकाराने एका जिवाणूचा विचार अवश्य करायला हवा. त्याचे नाव ब्रुसेला कॅनिस. बाधित जनावर बहुधा निरोगी दिसते आणि औषधाने पूर्ण बरे होण्याची खात्री नसते. त्यामुळे वीण लावण्यापूर्वी नर-मादी दोघांचीही रक्तचाचणी करून घेणे हाच या रोगावरील खरा प्रतिबंध होय.

१९६६ साली अमेरिकेत संशोधनासाठी पाळलेल्या बीगल जातीच्या कुत्र्यांमध्ये गर्भपातांचे प्रमाण वाढले. त्याचा शोध घेताना कॉर्नेल विद्यापीठातील डॉ. लेलँड कारमायकेल यांना हा जिवाणू आढळला. गायी-म्हशींमध्ये सांसर्गिक गर्भपात घडवून आणणारा ब्रुसेला अबॉर्टस हा त्याच कुळातील आहे. तथापि कुत्र्यांचा हा जिवाणू वेगळा असून गोवर्गीय जनावरांसाठीची लस त्यावर वापरता येत नाही. कुत्र्यांसाठी या रोगाची लस अद्याप उपलब्ध नाही.

प्रसार कसा होतो?

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. बाधित मादीचा गर्भपात बहुतेक वेळा ४५ ते ५९ दिवसांच्या दरम्यान होतो. मृत गर्भ, वार आणि त्यानंतर काही आठवडे वाहणारा योनिस्राव यांत जिवाणूंची संख्या प्रचंड असते. इतर कुत्र्यांनी ते हुंगले वा चाटले तरी संसर्ग होतो. समागम हा प्रसाराचा दुसरा प्रमुख मार्ग आहे. बाधित नराच्या वीर्यातून आणि मूत्रातूनही जिवाणू बाहेर पडतात. कृत्रिम रेतनासाठी वापरलेले वीर्यही त्यामुळे निर्धोक मानता येत नाही.

नरामध्ये अधिवृषणाला सूज येते, कालांतराने वृषण आक्रसतात व वंध्यत्व येते. काही कुत्र्यांच्या मणक्यांमधील चकतीला अथवा डोळ्यांना बाधा होते. अनेकांमध्ये मात्र काहीच लक्षण दिसत नाही. एकच नामांकित नर अनेक ठिकाणी विणीसाठी नेला जात असेल, तर तो एका केंद्रातील रोग दुसऱ्या केंद्रात सहज पोहोचवू शकतो. बाधित मादीला पुढे जिवंत पिल्ले झाली तरी ती रोगमुक्त झाली असे समजू नये. वरवर निरोगी दिसणारी ती पिल्लेही बाधित असू शकतात.

निदान आणि उपचारांच्या मर्यादा

संसर्गानंतर रक्तात प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात. म्हणून एकच चाचणी नकारात्मक आली म्हणजे निश्चिंत होता येत नाही. नवीन कुत्रा आणल्यावर त्याला वेगळे ठेवून किमान एका महिन्याच्या अंतराने पुन्हा तपासणी करणे इष्ट ठरते. उलटपक्षी, प्राथमिक चाचणी कधी कधी निरोगी कुत्र्यालाही बाधित ठरवते. त्यामुळे रक्तातील जिवाणूंची वाढ करून पाहणे, पीसीआर अशा तपासण्यांनी निदान पक्के करावे लागते.

हा जिवाणू शरीरातील पेशींच्या आत दडून राहतो. दोन-तीन प्रतिजैविके अनेक आठवडे दिली तरी तो समूळ नष्ट होईलच असे नाही आणि औषध थांबल्यावर रोग पुन्हा उफाळू शकतो. बाधित कुत्र्याला पैदाशीतून कायमचे बाद करावे लागते ते याच कारणाने. नसबंदीमुळे जिवाणूंचा उत्सर्ग घटतो, परंतु संसर्ग संपत नाही. मुधोळ किंवा राजपालयम यांसारख्या देशी जातींचे उत्तम नमुने सांभाळणाऱ्यांना असा एक नर वा मादी गमावणे म्हणजे अनेक वर्षांची मेहनत गमावणेच असते.

माणसालाही धोका

हा रोग माणसाला क्वचित होतो. वारंवार येणारा ताप, थकवा व सांधेदुखी ही त्याची लक्षणे होत. अडचण अशी, की माणसांतील ब्रुसेला तपासणीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या रक्तचाचण्यांत ब्रुसेला कॅनिसचा संसर्ग सहसा सापडत नाही. म्हणूनच ताप आलेल्याने कुत्र्याच्या प्रसूतीशी अथवा गर्भपाताशी आपला संबंध आला असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा. अशा प्रसंगी हातमोजे व मुखपट्टी वापरावी. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दूर राहावे. गर्भ व वार उघड्यावर न टाकता बंद पिशवीत ठेवून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्यांची विल्हेवाट लावावी. जागा आधी धुऊन मगच जंतुनाशकाने पुसावी, कारण घाण तशीच राहिल्यास जंतुनाशकाचा प्रभाव कमी होतो.

भारतात २०१७ च्या नियमांनुसार श्वानपैदासकारांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मात्र नोंदणीचा कागद किंवा वरवरची तपासणी हा रोग उघड करू शकत नाही. पिल्लू विकत घेणाऱ्याने वंशावळीबरोबरच आई-बापाच्या ब्रुसेला चाचणीचा अहवालही मागावा. ग्राहक हा अहवाल मागू लागले, तर पैदासकारही वीण लावण्याआधी चाचणी करून घेतील.