विश्लेषण : मुक्कामी मित्रांचा आणि मुलांचा नाश्ता; जुन्नर-आंबेगावात तयारी शुक्रवारपासूनच का?

थंडी सुरू झाली की पुणे, ठाणे, मुंबईकडील मंडळींचे शनिवार-रविवार जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जाऊ लागतात. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, भीमाशंकर यांपैकी दोन-तीन ठिकाणे एका मुक्कामात होतात. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. त्यानंतर राहण्याच्या सोयी वाढल्या, तरी अनेकांचा मुक्काम अजूनही मित्राच्या गावच्या घरीच असतो. शनिवारी रात्रीच्या जेवणाची तयारी यजमान जोरात करतात. रविवारचा नाश्ता मात्र ‘सकाळी बघू’वर सोडला जातो आणि पुढचा दिवस तिथेच बिघडतो. मुले सोबत असतील तर हा नाश्ता काय, किती आणि मुख्य म्हणजे कधी, याचा आढावा.

‘बाहेरच मिसळ खाऊ’ याने प्रश्न सुटतो का?

पाहुण्यांचा निरोप बहुधा ठरलेला असतो. ‘वहिनी, नाश्त्याचं काही करू नका, आपण बाहेरच मिसळ खाऊ.’ पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात मिसळीची कमतरता नाही, हे खरे. पण रविवारी सकाळी महामार्गावरच्या नावाजलेल्या ठिकाणी रांग असते. दोन-तीन कुटुंबे आवरून, गाड्यांत बसून, टेबल मिळून पहिला घास खाईपर्यंत दहा वाजतात. मुले मात्र नव्या घरात साडेसहालाच जागी झालेली असतात. म्हणजे त्यांच्या पोटात साडेतीन तास बिस्किटांशिवाय काही नाही आणि समोर येते ती तर्री. त्यानंतर शिवनेरीचे सात दरवाजे किंवा लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या. अर्ध्या वाटेवर कोणीतरी बसकण मारते, कोणाला तरी उचलून घ्यावे लागते. मिसळ हा मोठ्यांचा हट्ट असतो, त्याची किंमत मुलांनी मोजावी असे काही नाही.

सकाळी मुलांनी बाहेर कधी जायचे?

या भागात नाश्त्याची वेळ केवळ भुकेवर ठरत नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि या चारही तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात दाट आडोसा मिळाला आणि बिबट्याच्या माद्या तिथेच पिले वाढवू लागल्या. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्न किती जुना आहे ते कळावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन मुले होती.

गावातल्या मुलांना ‘अंधारात उसाकडे जायचे नाही’ हे सांगावे लागत नाही. शहरातून आलेल्या मुलाला गोठा, शेळ्या, वासरू दिसले की ते चपला न घालताच धावते. मोठी माणसे रात्री उशिरापर्यंत गप्पा मारून झोपलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसहाला जागे झालेल्या मुलाला पहिला अर्धा-पाऊण तास घरातच गुंतवणे भाग आहे. नाश्त्याचा पहिला हप्ता त्यासाठीच असतो. गरम दूध, एखादे केळे, तूप-गूळ लावलेली पोळी किंवा रवा लाडू. हे सगळे रात्रीच ओट्यावर काढून ठेवलेले असले, की पहाटे जो उठेल तो मुलांना देऊ शकतो. दाराला वरची कडी लावलेली असावी. चांगले ऊन पडल्यावर अंगणात जायला हरकत नाही, पण सोबत एक मोठे माणूस हवे आणि उसाच्या बांधापासून लांब राहायला हवे. वाकलेले किंवा उकिडवे बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे भासू शकते. त्यामुळे लघवीलाही बांधावर पाठवू नये.

यात आदल्या रात्रीच्या जेवणाचाही संबंध येतो. मटणाचा बेत झाला असेल आणि हाडे परसात टाकली असतील, तर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. खरकटे झाकणाच्या डब्यात ठेवून सकाळी पुरलेले बरे. बिबट्या दिसल्यास वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो पाहुण्यांच्याही फोनमध्ये असावा.

नाश्ता किती लागतो?

समजा, यजमानांच्या घरात चार मोठी माणसे आहेत आणि दोन पाहुण्या कुटुंबांची मिळून चार मोठी, पाच मुले. दोन मुलांचे एक ताट धरले तर साडेदहा ताटे होतात. फक्त कांदेपोहेच करायचे तर माणशी ७५ ते ८० ग्रॅम कोरडे जाड पोहे, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम लागतील. सोबत दुसरा पदार्थ असेल तर अर्धा किलो पुरतात. मिसळीसाठी माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी धरली, तर सव्वाचारशे ग्रॅम. भिजून मोड आल्यावर तिचे वजन दुपटीच्याही पुढे जाते, म्हणून मोडाच्या मटकीचे माप कोरड्या मटकीला लावले की पातेले ओसंडते.

खरी अडचण मात्र किलोची नसून तव्याची आहे. थालीपीठ एका वेळी एकच होते आणि नीट खरपूस व्हायला पाचेक मिनिटे घेते. वरच्या मंडळींना मिळून पंधरा थालीपिठे लागली, तर एका तव्यावर सव्वा तास जातो. पहिल्याने खाल्लेले थालीपीठ जिरत आले तरी शेवटचा माणूस वाट बघत असतो, आणि हा शेवटचा माणूस बहुधा थापणारी घरधनीणच असते. दोन तवे लावले की काम चाळीस मिनिटांच्या आत येते. तांदळाच्या घावनांचे गणित असेच आहे. पोहे, उपमा, मिसळ हे एका पातेल्यात सगळ्यांचे होणारे पदार्थ. त्यामुळे गर्दी असेल तेव्हा मुख्य पदार्थ पातेल्यातला आणि तव्यावरचा एखादा हौसेपुरता, अशी जोडी लावावी. पोहे मात्र एका कढईत अर्ध्या किलोच्या वर टाकू नयेत. ढवळता ढवळता त्यांचा लगदा होतो.

तयारी शुक्रवारपासून का?

मटकीमुळे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये रात्रभरात येणारे मोड जुन्नरच्या थंडीत येत नाहीत. मोड येण्याची क्रिया तापमानावर चालते. रात्री पारा खाली गेला की बी नुसते फुगून बसते. रविवारी मिसळ हवी असेल तर शुक्रवारी सकाळी कोमट पाण्यात मटकी भिजवावी, रात्री उपसून फडक्यात बांधावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवून डबा उबेला, चुलीच्या किंवा फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवावा. शनिवारी रात्रीपर्यंत बोटभर नाही, तरी खाण्याजोगे मोड दिसतात. इडली-डोशाच्या पिठाचेही थंडीत असेच होते, म्हणून या दिवसांत ते पाहुण्यांसाठी न केलेलेच बरे. भाजणीचे थालीपीठ आंबवावे लागत नाही, ऐनवेळी मळता येते. या भागात थंडीच्या दिवसांत ते का चालते, याचे एक कारण हेही असावे.

घरच्या मिसळीचा मोठा फायदा असा, की मुलांची वाटणी आधी काढता येते. मटकी हळद, मीठ, गुळाच्या खड्यासह शिजवली की मुलांसाठी पातेलीभर उसळ बाजूला काढावी आणि मगच उरलेलीत कांदा-खोबऱ्याचे वाटण व तिखट घालावे. फोडणीनंतर पाणी वाढवून ‘मुलांसाठी कमी तिखट’ केलेला रस्सा कोणालाच आवडत नाही.

इथली मासवडीही सकाळी कामाला येते. बेसनाच्या उकडीत तीळ, सुके खोबरे, लसूण, कोथिंबिरीचे सारण भरून केलेली ही वडी मूळ जेवणातली, झणझणीत रश्श्याबरोबरची. रात्री मासवडीचा बेत असेल तर सारण बेताचे तिखट ठेवून आठ-दहा वड्या जास्त कराव्यात. सकाळी तव्यावर थोड्या तेलात परतल्या, की रश्श्याशिवाय मुले त्या हातात घेऊन खातात.

मुलांना काय देऊ नये?

हा प्रश्न पाहुणे येण्याआधी फोनवर विचारायचा असतो. कोणाला शेंगदाण्याची, दुधाची, अंड्याची ॲलर्जी आहे का? पोह्यांत, चटणीत, कुटात, लाडवात शेंगदाणा इतक्या ठिकाणी असतो, की समजल्यावर काढून टाकणे शक्य नसते. ॲलर्जी नसली तरी चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा शेंगदाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. पोहे मुलांसाठी दाण्यांशिवाय करावेत किंवा कूट घालावे.

द्राक्षांबाबत हीच काळजी अधिक घ्यावी लागते. जुन्नरची काळी, टपोरी द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुण्यांपुढे आलीच पाहिजेत. पण अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखे बसते. ते उभे चिरून, चार फाका करून द्यावे. बागेतून थेट आणलेली द्राक्षे वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत, त्यावर औषधफवारणी झालेली असते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. गावच्या घरी हौसेने पुढे केले जाणारे धारोष्ण दूधही मुलांना न उकळता देऊ नये. यात आजी-आजोबांचा अपमान नाही, एवढे समजावणे यजमानाच्याच वाट्याला येते.

निघायचे कुठे, यावर काय ठरते?

लेण्याद्री-शिवनेरी असेल तर साडेआठपर्यंत नाश्ता उरकून, मध्ये तासभर जाऊ देऊन चढाई सुरू करावी. उन्हे वर येण्याआधी बरेच अंतर कापून होते. लेण्याद्रीला माकडे खूप आहेत. मुलांच्या हातात खाऊची पुडी दिली तर ती त्यांच्याकडे फार वेळ राहत नाही. खोडदच्या महाकाय दुर्बिणीकडे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या त्या पसाऱ्याकडे फेरी मारायची असेल, तर चढ नाही, पोटभर मिसळ चालते. माळशेज घाटाने परतायचे असेल तर मात्र तळलेले आणि तर्रीचे टाळावे. वळणावळणाच्या रस्त्यावर मागच्या सीटवरची मुले पहिली उलटी करतात.

अशा परतीच्या पाहुण्यांसाठी जुन्या घरांतून दशमी करून देत. पाण्याऐवजी दुधात मळलेली, हवी तर गूळ घातलेली ही भाकरी दिवसभर मऊ राहते, सांडत नाही आणि गाडीत एका हाताने खाता येते. नाश्त्यानंतर तवा तापलेलाच असतो. त्यावर सहा-सात दशम्या टाकून फडक्यात गुंडाळायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढ्यात पाहुण्यांचे सामान गाडीत चढते.